नववी बाटली

कारेगव्हाण, ता. पाथर्डी
७ ऑक्टोबर २०२५

आदरणीय निसळ सर,
सा. न.

आपली-माझी ओळख नाही. मी रेश्मा पालवे. आपण ज्या कनिष्ठ महाविद्यालयात तेवीस वर्षं विज्ञान शिकवलंत, तिथे मी तीन वर्षांपूर्वी लागले. माझा विषय जीवशास्त्र. भौतिक आणि रसायनाची जागा दोन वर्षं रिकामी आहे, म्हणून प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे.

आपले जुने प्रयोगशाळा परिचर गहिनीनाथ गर्जे अजून इथेच आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होतील. खंडेनवमीला दरवर्षी आपल्याकडे तराजू आणि बर्नर पाटावर मांडून झेंडू वाहतात, एवढंच. ह्या वर्षी शेवटची खंडेनवमी म्हणून मामा पहाटेच आले. घरी अवजारं धुतात तशा त्यांनी मांडणीवरच्या सगळ्या बाटल्या धुण्याचा सोडा टाकलेल्या कढत पाण्यात घासल्या आणि प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलं. मी नऊ वाजता गेले तेव्हा बाटल्या लखलखत होत्या आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती. कडक आम्लं कपाटात कुलपात होती, ती वाचली. बाहेरच्या नऊ बाटल्यांत नऊ द्रव आहेत आणि नऊही पाण्यासारखे दिसतात.

प्राचार्यांनी मामांना नोटीस दिली आहे. संस्थेची चौकशी समिती ५ डिसेंबरला येणार. तोपर्यंत कोणत्या बाटलीत काय आहे हे ठरवून ते साठा-रजिस्टरशी जुळलं आणि बाहेरच्या जाणकाराने तसं सहीनिशी लिहून दिलं, तर प्रकरण मिटेल. नाही तर निलंबन. पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस मान खाली घालून घरी जाईल.

रजिस्टर आपल्या अक्षरातलं आहे. फोन केला होता, विजयाकाकू म्हणाल्या की आपण फोनवर येत नाही. म्हणून हे पत्र.

आपली,
रेश्मा पालवे


नगर
११ ऑक्टोबर २०२५

श्रीमती पालवे यांस,

पत्र मिळालं. अक्षर बरं आहे, बाकी आनंद आहे.

फोनवर मी येत नाही, कारण कान गेले आहेत, आणि फोनवर बोललेलं लोक सोयीने विसरतात. कागदावरचं विसरता येत नाही.

जीवशास्त्रवाल्यांच्या हाती रसायनाची किल्ली, ह्यात मला नवल वाटलं नाही. पूर्वी निदान बेडूक तरी फाडत होतात, आता म्हणे चित्रं बघता. आणि ते तुमचे मामा. ह्या गृहस्थाला मी सोळा वर्षं सहन केलं. तराजूच्या पारड्याला हळद लावली की वजन चुकतं, हे दर दसऱ्याला सांगायचो आणि दर दसऱ्याला तो ती लावायचा. पालथ्या घड्यावर पाणी. त्याची मान खाली जाते की वर, ह्याच्याशी मला कर्तव्य नाही. पण त्या मांडणीवर माझी शिस्त आहे, तिचा असा उकिरडा झालेला मला बघवणार नाही. म्हणून सांगतो.

चव घ्यायची नाही. नाकाशी बाटली न्यायची नाही. नाक शेंबडासाठी असतं, परीक्षेसाठी नसतं. नऊ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, एक रोधक आणि जुन्या सेलमधल्या दोन कार्बनच्या कांड्या घ्या. कांड्या द्रवात बुडवा. मीठ, आम्ल, कॉस्टिक सोडा असेल तर दिवा लख्ख लागेल. व्हिनेगर असेल तर मिणमिणेल. स्पिरिट, ॲसिटोन, ग्लिसरीन, साखरेचं पाणी, ह्यांत अंधार. आम्ल कुठलं नि कॉस्टिक कुठलं ते लिटमस सांगेल. तेवढं तरी तुम्हाला ठाऊक असेल अशी आशा करतो.

मग पंचवीस मिलिलिटरची घनता-बाटली घेऊन प्रत्येकाचं वजन करा. पाणी पंचवीस ग्रॅम भरेल, ग्लिसरीन साडेएकतीस, स्पिरिट आणि ॲसिटोन वीसच्या आसपास. त्या दोघांत फरक करता येईना तर थर्माकोलच्या तुकड्यावर थेंब टाका. ॲसिटोन थर्माकोल खाऊन टाकतं. गणपतीचं मखर कुठल्यातरी कोपऱ्यात पडलेलं असेलच. शेवटी काचेच्या तबकडीवर थोडं थोडं सुकवून मागे काय उरतं ते बघा. स्पिरिटजवळ ज्योत नेऊ नका, नाही तर चौकशी तुमचीच लागेल.

सगळ्यांत आधी मोठी, एक लिटरची बाटली घ्या. तीत ऊर्ध्वपातित पाणी आहे, म्हणजे वाफ करून थंड केलेलं शुद्ध पाणी. तिला मी स्वतः लाख लावून ठेवली होती, कारण एका उद्धट मुलीने तिच्यावर शंका घेतली होती. तीत दिवा लागणार नाही. तिच्यावरून बाकीच्यांची तुलना करा.

आणि जे दिसेल तेच लिहा, पुस्तकात बघून नको. हे मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार.

द. वि. निसळ


कारेगव्हाण
२९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,

दिवाळीची सुट्टी होती, तरी मामा आणि मी रोज आलो. लिटमस कशाला म्हणतात हे मला ठाऊक होतं, आपली आशा फळाला आली.

आठ बाटल्या ठरल्या. तिघींत दिवा लख्ख. त्यांतली एक मिठाची, सुकवल्यावर मीठ उरलं. दुसरी सौम्य गंधकाम्लाची, तिसरी कॉस्टिकची. चौथीत दिवा मिणमिणला आणि लिटमस लाल झाला, ते व्हिनेगर. जिचं वजन साडेएकतीस भरलं ते ग्लिसरीन, बाटली उलटी केली तर बुडबुडा म्हाताऱ्यासारखा वर चढतो. साखरेच्या पाण्याने तबकडीवर चिकटा धरला. स्पिरिट आणि ॲसिटोनने मला दोन दिवस रडवलं, मग मामांनी मखराचा तुकडा आणला आणि एका थेंबाने त्याला भोक पडलं. मामा म्हणाले, "सरांचं डोकं लई चालतंय."

नववीचं मात्र जमत नाही. तीच मोठी बाटली. लाख कढत पाण्यात गेली, पण बूच बसलेलं होतं. वजन पंचवीस ग्रॅम. वास नाही. लिटमस जवळजवळ तसाच. पण दिवा लागतो, सर. मंद, तरी लागतो. आणि सुकवल्यावर तबकडीवर पांढरं कडं राहतं.

रजिस्टरमध्ये आपलीच नोंद आहे: 'ऊर्ध्वपातित जल, १ लिटर, लाखबंद, हात लावू नये, १७/०२/२००४.' मी तीनदा केलं. आपण म्हणालात जे दिसेल ते लिहा, म्हणून लिहिते आहे. काय समजायचं?

आपली,
रेश्मा


नगर
३ नोव्हेंबर २०२५

श्रीमती पालवे यांस,

समजायचं हे, की तुमची भांडी घाण आहेत. नाचता येईना अंगण वाकडं. कांड्या मिठातून काढून तशाच पाण्यात बुडवल्या असतील, दुसरं काय. हे प्रयोग मी तुमच्या जन्माआधीपासून करतो आहे. शुद्ध पाण्यातून वीज जात नाही, आणि तुमच्यासाठी ती जायला लागणार नाही.

हाच तमाशा तिथे एकदा झाला आहे. २००४ साली बारावीच्या वर्गात चांगुणा गर्जे नावाची मुलगी होती, तुमच्या ह्याच मामांची थोरली. जर्नलमध्ये तिने लिहिलं: 'ऊर्ध्वपातित पाणी. दिवा मंद लागतो.' मी म्हणालो, खोड आणि 'लागत नाही' असं लिही. नाही म्हणाली. का, तर तोंडातून शब्द नाही, नुसती बघत उभी. शिपायाची पोर आणि ताठा तहसीलदाराचा. मी जर्नलवर सही केली नाही. सहीशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, तशी ती बसली नाही, बारावी गेली. बाटलीला लाख लावून मी वर्गात सांगितलं, ज्याला शंका असेल त्याने फोडून बघावं. कोणी आलं नाही.

आठ बाटल्यांचं प्रमाणपत्र सोबत आहे. नववीबद्दल समितीला मी वेगळं लिहीन, की आतलं पाणी कोणीतरी बदललेलं आहे. लाख कोणी काढली ते सगळ्यांना ठाऊकच आहे. तुमच्या मामांनी सांडलं असेल आणि नळाखाली धरून भरलं असेल. ह्यापलीकडे त्यांची बुद्धी कधी गेलेली मी पाहिली नाही.

द. वि. निसळ


कारेगव्हाण
११ नोव्हेंबर २०२५

निसळ सर,

पाथर्डीतून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं ऊर्ध्वपातित पाणी आणलं. नव्या ग्लासांत, नव्या कांड्यांनी केलं. दिवा लागला नाही. वीज तुमचंच ऐकते, निश्चिंत असा. मग आपल्या कॉलेजच्या बोअरचं पाणी घेतलं. दिवा मंद लागला, पांढरं कडं राहिलं. नववी बाटली त्याच्या शेजारी ठेवली. दोन्हींत काडीचा फरक नाही.

तिन्ही ग्लास मी मामांना दाखवले. ते स्टुलावर बसले. मग जे बोलले ते तसंच लिहिते.

"मॅडम, त्यात पयल्यापासून बोअरचंच पानी हाय. त्या साली दिवाळीत पान्याच्या मशिनीची कॉइल जळाली. मी सरांकडं तीनदा गेल्तो. तिसऱ्यांदा स्टाफरूममधी सगळ्यांदेखत म्हनले, कारनं नकोत, मला बाटली भरलेली दिसली पायजे. मग भरली. पोरीचं जर्नल अडलं तवा सांगाय जानार हुतो. दारापतूर गेलो, आन धीर झाला न्हाई. बाप हाय मी तिचा. एकवीस वर्सं झाली, तिला बी सांगितलं न्हाई."

आता माझं. सर, ती बाटली आपण निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं आपल्या हाताशी होती. दोन कांड्या आणि एक बॅटरी, एवढंच लागत होतं. जी तपासणी मला चार पानं खरडून शिकवलीत, ती आपण एकदाही केली नाहीत. आपण लाख लावलीत. मला आपल्या विद्वत्तेचा फार धाक होता. तो आता उरला नाही, त्यामुळे लिहायला सोपं जातं आहे.

आपल्या त्या वेगळ्या पत्राने मामा निलंबित होतील. ते पाठवायचं की नाही हे आपण बघा. मी सुचवलं होतं की नववीवर सरळ 'ऊर्ध्वपातित' चिठ्ठी लावू, कोण तपासतंय. मामांनीच नको म्हटलं. म्हणाले, "आता खोटं न्हाई."

रेश्मा पालवे


कारेगव्हाण
२१ नोव्हेंबर २०२५

निसळ सर,

उत्तर नाही. असो.

मामांनी प्राचार्यांना सगळं लिहून दिलं. प्राचार्य म्हणाले, ही आता रचलेली गोष्ट आहे, बाटली ह्याच खंडेनवमीला सांडली असणार, आणि निसळ सरांसारखा माणूस बोअरच्या पाण्याला लाख लावेल हे समितीला पटणार नाही. २००४ सालचा काही पुरावा असेल तर आणा.

पुरावा एकच आहे. चांगुणाताईंचं जर्नल. ते असेल तर त्यांच्याकडेच. मामा मागायला धजत नाहीत, कारण मागायचं तर कशासाठी ते सांगावं लागेल. ताई आणि त्यांचे मालक दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आहेत, सोनईजवळ टोळी उतरली आहे. नगरहून सोनई एका एसटीचं काम.

मी गेले असते. पण ते जर्नल अडवलं कोणी, ह्याचा विचार केला आणि राहिले.

रेश्मा पालवे


नगर
२७ नोव्हेंबर २०२५

श्रीमती पालवे यांस,

तुमच्या ११ तारखेच्या पत्राने मी चिडलो, आणि दुसरं येईपर्यंत चिडलेलाच होतो. विजया म्हणाली, "चिडून झालं असेल तर मफलर घ्या आणि जाऊन या." एकोणपन्नास वर्षांत तिने मला पहिल्यांदा काही करायला सांगितलं. किंवा आधीही सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

काल गेलो. सोनईच्या स्टँडवरून रिक्षा केली, तीन फड पालथे घातले. चौथ्या फडात ती सापडली. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. डोक्याला फडकं, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. हातातला कोयता खाली ठेवला नाही. म्हणाली, "निसळ सर ना तुमी. कोन मेलं का?"

मी म्हणालो, तू २००४ साली जर्नलमध्ये जे लिहिलं होतंस ते बरोबर होतं. हे वाक्य मी एसटीत दहा वेळा जुळवलं होतं. ती म्हणाली, "म्हाईत हाय." मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं, तेव्हा ती मोठ्याने बोलली आणि सगळ्या टोळीने ऐकलं.

मग मी तिला सांगितलं, की बाटली तिच्या वडिलांनी भरली होती. मला वाटलं, निदान हे तिला नवीन असेल.

"ते बी म्हाईत हाय. बोअरवर बादली मीच धरली हुती. पानी कशाला त्ये मला कळलं न्हाई, आसं आबांना वाटलं."

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस.

"बोलले असते तर तुमी आबांना काढलं असतं. आन खोटं लिवायचं, तर तुमीच रोज सांगायचे, दिसंल तेच लिवा म्हनून. मंग एकच रस्ता राह्यला. गप बसले."

तिने मोळी बांधायला घेतली. मी तिथे उभा. सत्याहत्तर वर्षांचा माणूस, पायात बूट, आणि काय करावं सुचेना. कुठे बसायला जागा नव्हती, आणि बस म्हणून कोणी म्हणालं नाही. सोळा वर्षं मी त्या माणसाला निर्बुद्ध म्हणत आलो. त्याची मुलगी माझ्यासमोर उभी राहून त्याला वाचवत होती आणि मला ती उद्धट दिसली. एवढं दिसायला विज्ञान लागत नव्हतं. तीनदा आला होता तो. मला आठवतं. तुम्हाला पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं, लिहिलं नाही.

जर्नल आहे का विचारलं. आहे म्हणाली, घरी पेटीत. तिथूनच आईला फोन लावला, "आई, पेटीतली माझी प्रयोगाची वही रेश्मा मॅडमला दे." मग मला विचारलं, "आबांची नोकरी राहील ना?" बाकी काही विचारलं नाही. मी म्हणालो, राहील. आणि मूर्खासारखं हेही म्हणालो, की जर्नलवर मी आता सही करतो.

"कशाला? तुमच्या सहीबिगर बी ते बरोबरच हुतं."

सोबत समितीसाठी माझं निवेदन आहे. मशीन बंद असल्याचं गर्जे यांनी मला तीन वेळा सांगितलं, मी ऐकून घेतलं नाही, पाणी न तपासता त्याला लाख लावली आणि त्या पाण्याच्या जोरावर एका विद्यार्थिनीचं वर्ष बुडवलं, असं त्यात लिहिलं आहे. तिने फडात जे सांगितलं तेही, बादलीसकट, लिहिलं आहे. आधी जे वेगळं पत्र लिहून ठेवलं होतं, ते पाठवलं नव्हतं. फाडलं. समितीला हवं असेल तर मी स्वतः येऊन सांगेन, माझा आवाज अजून शाबूत आहे.

एक विचारतो. मे महिन्यात गर्जे यांचा निरोपसमारंभ असेल. मी आलो तर चालेल का? भाषण करणार नाही. मागे बसेन.

दत्तोपंत निसळ


कारेगव्हाण
७ डिसेंबर २०२५

निसळ सर,

चांगुणाताईंच्या आई, छबूबाई, यांनी जर्नल साडीत गुंडाळून आणून दिलं. पान चोवीसवर निळ्या शाईत 'दिवा मंद लागतो' असं आहे, आणि त्याखाली लाल शाईत आपली फुली. आपलं निवेदन आणि ते पान समितीने शेजारी शेजारी ठेवून वाचलं. मग अध्यक्षांनी स्वतः कांड्या बुडवून दिवा पाहिला. नोटीस मागे घेतली. मामा मेपर्यंत ह्याच प्रयोगशाळेत राहतील आणि नेहमीसारखे निवृत्त होतील.

समितीपुढे मामांना कळलं, की त्यांच्या मुलीला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी आपलं निवेदन माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. 'बादली' हा शब्द आला की हात वर करून थांबवायचे.

आपण निरोपसमारंभाचं विचारलं होतं, म्हणून मी दोघांना विचारलं. मामा म्हणाले, "सरांना बोलवा, मोठा मानूस हाय." चांगुणाताई फोनवर म्हणाल्या, "नको."

मी चांगुणाताईंचं ऐकणार आहे.

रेश्मा पालवे